चित्ता, चाचे आणि चार कपूर : दुर्गा खोटे यांच्या अचाट गोष्टी

डिचोलीच्या बाजारात जुन्या सिनेमांचा एखादा शौकीन गाठा आणि विचारा, दुर्गा खोटे कोण? उत्तर ठरलेलं आहे. "ती न्हय, सिनेमांतली आवय!" फिकी साडी, डोक्यावर पदर, डोळे भरलेले आणि मुलगा तणतणत घराबाहेर निघालेला. चुकीचं काहीच नाही. साठ-सत्तरच्या दशकांत हिंदी पडद्यावर आई, आजी, आत्या, मोठी जाऊ असं कुणीही हवं असलं की दुर्गाबाईंना बोलावणं जायचं. पण त्याआधीची तीस वर्षं? त्या तीस वर्षांत या बाईंनी पायाशी चित्ता बसवला, समुद्रावर जहाजं लुटली, रामाची सीता झाल्या आणि आठ वर्षांनी त्याच रामाला वनवासात धाडणारी कैकेयीही झाल्या. म्हणून या मजकुरात रडणं कमी आणि उचापती जास्त आहेत.

आमच्याच की!

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतला. माहेर लाडांचं. घराणं मूळ गोव्याचं, गौड सारस्वत, आणि घरात बोली कोकणी. कांदेवाडीतलं मोठं एकत्र कुटुंब, वडील पांडुरंगराव, आई मंजुळाबाई. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात, म्हणजे त्या काळच्या मुलीसाठी चैनीची परमावधी. जन्म मुंबईचा असल्यामुळे गोव्याने दावा ठोकताना थोडं खाकरावं लागतं खरं. पण घरात कोकणी आणि पडद्यावर मराठी हा हिशेब डिचोली-पेडण्याच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडेही भांडण कोकणीत होतं आणि देवळातलं नाटक मराठीत.

लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात झालं. नवरा विश्वनाथ खोटे, इंजिनियर. पुढे त्या घराची आर्थिक घडी विस्कटली, पदरात बकुळ आणि हरिन हे दोन मुलगे. बाई पडद्यावर आल्या त्या हौसेने नव्हे, पोटासाठी.

दहा मिनिटांची बोंब

१९३१ साली मार्चमध्ये 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला आणि बोलता येणाऱ्या, शिकलेल्या चेहऱ्यांचा शोध सुरू झाला. मोहन भवनानी यांच्याकडची विचारणा खरं तर आधी दुर्गाबाईंच्या बहिणीला झाली होती. तिने हसून बोट दुर्गाबाईंकडे दाखवलं. सिनेमाचं नाव 'फरेबी जाल'. मूळचा मूकपट, त्याला काळाबरोबर धावता यावं म्हणून बोलके तुकडे जोडलेले. दुर्गाबाईंचं काम जेमतेम दहा मिनिटांचं.

पण दहा मिनिटं पुरली. लाडांची लेक, खोट्यांची सून आणि सिनेमात? मुंबईतल्या सारस्वत दिवाणखान्यांत काय काय बोललं गेलं असेल त्याची कल्पना येण्यासाठी तिथे हजर असण्याची गरज नाही, गोव्यात एक लग्न जेवलेलं असलं तरी पुरे. सिनेमा आपटला, बदनामी मात्र हाऊसफुल्ल झाली.

गोष्ट इथेच संपायची. पण त्या पडलेल्या सिनेमातली ती मुलगी कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकाने हेरली. त्याचं नाव व्ही. शांताराम.

तारामती आधी पुरुष होती

हा किस्सा माझा सर्वांत आवडता, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती कोण होती? अण्णा साळुंके नावाचा एक पुरुष. फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शोधाशोध करून थकल्यावर ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत हा नाजूक बांध्याचा पोरगा दिसला. तिथे महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पाच रुपयांच्या वाढीवर भारताला पहिली नायिका मिळाली.

हे वाचून पुण्या-मुंबईचा माणूस हसेल. पेडण्याचा हसणार नाही. दशावतारी काल्यात नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून जी राणी रंगमंचावर येते तो बहुतेक वेळा शेजारच्या वाड्यावरचा बाप्याच असतो, आणि 'स्त्रीपार्टी' हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ लुगडं नेसूनच आधी गाजले. तेव्हा साळुंक्यांची गंमत आम्हाला सांगू नका.

गंमत पुढे आहे. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामं एकट्याने केली. म्हणजे भारतीय पडद्यावरच्या आद्य तारामती आणि गाजलेली सीता, दोघींच्या आत एकच साळुंके. आता पुढची वर्षं बघा. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या दुर्गाबाई. १९३४ साली 'सीता'त सीता झाल्या दुर्गाबाई. साळुंक्यांची दोन्ही लुगडी बाईंनी एकामागून एक परत घेतली! आणि १९८३ साली त्यांना जो सर्वोच्च पुरस्कार मिळाला त्याचं नाव? दादासाहेब फाळके.

जाता जाता आणखी एक. फाळक्यांना बाई मिळालीच नाही असं नाही. त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर'साठी मायलेकी मिळाल्या. लेक कमलाबाई, पुढच्या गोखले, म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी. आणि आई? दुर्गाबाई. दुर्गाबाई कामत. भारतीय पडद्याची पहिली बाईसुद्धा दुर्गाच होती.

एकच रडणं, दोन भाषांत

'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आपण त्याला पहिला मराठी बोलपट म्हणतो. निर्मिती कोल्हापूरच्या प्रभातची, हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि चाली त्यांच्याच. चित्रपट मराठीत आणि हिंदीत एकदमच केला. डबिंग नावाची सोय नव्हती, त्यामुळे प्रसंग मराठीत करायचा आणि तोच पुन्हा हिंदीत. रोहिदासाच्या मरणावर एकदा ऊर फुटेस्तोवर रडायचं, डोळे पुसायचे आणि दुसऱ्या भाषेत नव्याने रडायचं. पार्श्वगायनही यायचं होतं. कॅमेऱ्यापुढे नटीनेच गायचं, वाजवणारे चौकटीच्या बाहेर दडलेले. आजच्या ओठ हलवणाऱ्या मंडळींनी हे एकदा करून बघावं.

'फरेबी जाल'वरून नाकं मुरडणाऱ्यांनी 'अयोध्येचा राजा' पाहून सूर बदलला. तारामती ती तारामती! पौराणिक लुगड्यात बाई शोभली की आपल्या समाजाचे निम्मे आक्षेप गळून पडतात, हे तेव्हाही खरं होतं.

पायाशी चित्ता

त्याच १९३२ सालात 'माया मच्छिंद्र'. नवनाथांची पोथी ज्यांच्या घरात वाचली जाते त्यांना गोष्ट ठाऊक आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात आणि गोरखनाथ गुरूला सोडवायला येतो. दुर्गाबाई त्या स्त्रीराज्याची राणी. पतिव्रता तारामतीनंतर लगेच पुरुषांना नाचवणारी राणी, आणि राणीचं पाळीव जनावर म्हणून पायाशी चित्ता. भुसा भरलेला नव्हे, जिवंत. त्या चित्रपटाची जी छायाचित्रं आजही छापली जातात त्यांत चित्ता निवांत आहे आणि बाई त्याहून निवांत.

चाच्यांची राणी

तारामतीच्या मागे झाकली गेलेली एक भूमिका आहे आणि माझ्या मते तीच त्यांची सर्वांत भारी. १९३६ चा प्रभातचा 'अमर ज्योती', दिग्दर्शक पुन्हा शांताराम. दुर्गाबाई सौदामिनी. नवऱ्यापासून दुरावलेल्या या बाईला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. कायदा सांगतो, बाईला हक्क नाही. मग ती काय करते? पदराने डोळे पुसत माहेरी जात नाही. ती समुद्रावर जाते, चाच्यांची टोळी बांधते आणि राज्याची जहाजं लुटू लागते. सोबत शांता आपटे, समोर चंद्रमोहन आणि त्यांचे ते प्रसिद्ध डोळे.

साल पुन्हा वाचा. १९३६. बहुसंख्य बायकांना तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता, आणि पुण्याच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या समुद्रावर एक मराठी बाई मुलाच्या ताब्यासाठी राज्याशी युद्ध करत होती. हा स्टुडिओ म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट.

'अमर ज्योती' वेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पण दुर्गाबाईंना वेनिस नवं नव्हतं. १९३४ मध्ये कलकत्त्यात देवकी बोस यांनी केलेला 'सीता' तिथे आधीच पोचला होता. आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवलेला तो पहिला भारतीय बोलपट, आणि त्याला मानपत्रही मिळालं. आपल्या पणजीत इफ्फीचा मांडव पडू लागला २००४ पासून. लाडांच्या लेकीचे चित्रपट सत्तर वर्षं आधी इटलीत फिरून आले होते.

वेठीला बांधून घेतलं नाही

त्या काळी नट-नटी म्हणजे स्टुडिओचे पगारी नोकर. महिन्याचा पगार, हजेरी, आणि दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही. दुर्गाबाईंनी हा नियम जुमानला नाही. प्रभातचं काम करता करता त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये 'राजरानी मीरा' करून आल्या, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' केला आणि परत प्रभातमध्ये हजर. आज याला फ्रीलान्सिंग म्हणतात. त्या हे करत होत्या १९३३ साली. १९३७ मध्ये 'साथी'ची निर्मितीही त्यांनीच केली. चित्रपट काढणाऱ्या बायका त्या वेळी बोटांवर मोजाव्या लागत, आणि त्यासाठी एक हात पुरत असे.

छत्तिशीत सासू

आता नायिकांना ऐकवण्यासारखी गोष्ट. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांनी 'पायाची दासी' काढला, हिंदीत 'चरणों की दासी'. दुर्गाबाई छत्तीस वर्षांच्या. नायिका वनमाला, आणि दुर्गाबाई तिची खाष्ट सासू. दुसरी एखादी असती तर रुसून बसली असती. यांनी सुनेला असं छळलं की कलकत्त्याच्या बंगाली चित्रपट पत्रकारांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार सुनेला नव्हे, सासूला दिला. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मधली कैकेयी आणि पुन्हा तोच पुरस्कार. १९४३ साली सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये त्या मृणालवती झाल्या. बंदिवान राजा मुंजाचा मानभंग करायला निघालेली आणि त्याच्याच प्रेमात पडणारी ही कठोर राणी.

रंगभूमीवर तर विचारूच नका. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई, 'ध'चा 'मा' करणारी; आणि शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटकांसमोर तिथली महत्त्वाकांक्षी राणी. कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ. सिंहासनासाठी घर फोडणाऱ्या तिन्ही बायका एकाच बाईने केल्या, आणि आपण लक्षात काय ठेवलं? डोक्यावरचा पदर.

कपूरांचं खातं

इथे पेन्सिल घ्या.

पृथ्वीराज कपूर : 'सीता'मध्ये (१९३४) त्यांचा राम. सव्वीस वर्षांनी 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) त्यांचा अकबर, बाईंची जोधाबाई. अयोध्येच्या महालातून निघून आग्र्याच्या महालात पोचलेलं हे एकच जोडपं.

राज कपूर : १९३५ च्या 'इन्किलाब'मध्ये पोरसवदा राज पहिल्यांदा पडद्यावर आला. चित्रपट कुणाचा? देवकी बोस यांचा, कलाकार पृथ्वीराज आणि दुर्गाबाई.

शशी कपूर : १९६३ च्या 'द हाउसहोल्डर'मध्ये बाई त्याची आई. मर्चंट-आयव्हरी या पुढे जगभर गाजलेल्या जोडीचा हा पहिलावहिला कथापट.

ऋषी कपूर : 'बॉबी'त (१९७३) त्याला लहानाचा मोठा केलेली आया, आणि 'कर्ज'मध्ये (१९८०) त्याच्या मागच्या जन्माची आई. या जन्मात जागा शिल्लक नव्हती म्हणून मागचा जन्म!

बायको, सहकलाकार, आई, आया. एकाच घराण्यात इतकी नाती खऱ्या नातेवाइकांनाही जमली नसतील. आणि दिलीपकुमार, तेही 'मुघल-ए-आझम'मध्ये त्यांचेच चिरंजीव. शिवाय देव आनंदचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' (१९४६) पाहा. पोरक्या मुलांना आपापल्या धर्मात वाढवणारी त्यातली आई कोण, हे आता सांगायला नको.

मिसेस ब्रागांझा

'बॉबी'चं गोव्याला वेगळंच कौतुक आहे. प्रेमनाथचा जॅक ब्रागांझा, मासळी, दारू आणि दर्या. त्या घरातली आजी मिसेस ब्रागांझा म्हणजे दुर्गाबाई. जन्मभर सीता, तारामती, जोधाबाई केल्यावर अडुसष्टाव्या वर्षी सारस्वत बाईला गोव्याची बाई करायला मिळाली, ती क्रिस्तांव. घरात कोकणी ऐकत वाढलेल्या बाईला ही भूमिका जड गेली नसणार. योगायोग असा की पहिला कोकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' (१९५०) काढणारे म्हापशाचे जेरी, त्यांचंही आडनाव ब्रागांझाच.

घरोघरी खोटे

'शोले'तला कालिया आठवतो? गब्बरसमोर घाम फुटलेला? तो विजू खोटे. त्याची बहीण शुभा खोटे, मुळात सायकल शर्यती जिंकणारी मुलगी, मग 'सीमा'पासून पुढे विनोदी कामांची सम्राज्ञी. या दोघांचे वडील नंदू खोटे हे दुर्गाबाईंचे दीर, तेही मूकपटांत काम केलेले. हरिनची बायको कोण? 'रंगायन'वाल्या विजया मेहता, तेव्हाच्या विजया खोटे. एका घरात 'राजमुकुट'ची राणी आणि प्रायोगिक रंगभूमीची राणी, सासू-सून म्हणून. नातू देवेन खोटे यूटीव्हीच्या संस्थापकांपैकी एक, आणि याच यूटीव्हीने २००८ मध्ये 'जोधा अकबर' पडद्यावर आणला. आजी जोधाबाई झाली होती, नातवाच्या कंपनीने नवी जोधाबाई आणली.

वागळ्यांच्या मालकीण

ज्यांनी एकही जुना चित्रपट पाहिला नाही त्यांनीही दुर्गाबाईंचं काम पाहिलेलं आहे, नकळत. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' लागायची. आर. के. लक्ष्मण यांच्या रेघांतून उतरलेला मध्यमवर्गीय वागळे, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, दिग्दर्शन कुंदन शाह. नामावलीत नाव यायचं, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. पन्नाशीच्या आसपास बाईंनी माहितीपट आणि जाहिरातपटांचं दुकान उघडलं होतं ते तीसहून अधिक वर्षं चालवलं. या मालिकेच्या एका भागात वागळ्याला गाडीने धडक देणारा एक नवखा पोरगा दिसतो. त्याचं नाव शाहरुख खान.

फुटकळ, पण चवदार

चित्रपट सुमारे दोनशे, कारकीर्द पन्नास वर्षांची. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५८ मध्ये, पद्मश्री १९६८ मध्ये. 'बिदाई'साठी (१९७४) फिल्मफेअर मिळालं तेव्हा वय सत्तरीला टेकलेलं. फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या त्या चौथ्या स्त्री, देविकाराणी, सुलोचना (रूबी मायर्स) आणि काननदेवी यांच्या पाठोपाठ. चित्रपटाच्या शताब्दीला, ३ मे २०१३ रोजी, टपाल खात्याने काढलेल्या पन्नास तिकिटांत त्यांचंही तिकीट आहे. शेवटची वर्षं अलिबागला काढली, २२ सप्टेंबर १९९१ रोजी गेल्या.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र १९८२ चं, मराठीत लिहिलेलं, आणि शांता गोखले यांनी ते इंग्रजीतही नेलं. गावच्या वाचनालयात मागून बघा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवा.

आणि यंदा नव्याच्या सोमवाराला मंडळी जमतील, नाटकाला पडदा उघडायला उशीर होईल, तेव्हा हा प्रश्न टाका. पृथ्वीराजची सीता, शशीची आई आणि ऋषीची आया, तिन्ही एकच बाई, कोण? अट एकच, मोबाइल खिशात. हरणाऱ्याने सगळ्यांना पातळभाजी-पाव द्यायचा.